तळ्यात, मळ्यात, फ्लॅटात

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, आणि ठाण्यात घरं विकणारी मंडळी हे कुणाला विसरू देत नाहीत. गुळगुळीत कागदाच्या माहितीपत्रकात इमारत एका कडेला अंग चोरून उभी असते आणि उरलेलं पान तळ्याने व्यापलेलं असतं. हे तळं बाराही महिने सप्टेंबरातलं असतं. पाणी काठोकाठ, त्यात ढगांचं प्रतिबिंब, काठावरच्या बाकावर एक जोडपं, आणि त्या जोडप्याच्या आसपास पन्नास हातांवर भेळवाला नाही, कुत्रा नाही, दुसरं जोडपं तर नाहीच. ठाण्यातल्या कुठल्याही तळ्याकाठी असं दृश्य बघायचं तर आधी संचारबंदी लावावी लागेल. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे चित्र म्हणजे चित्रकाराची कल्पना आहे. अख्ख्या पत्रकातली सगळ्यांत प्रामाणिक ओळ ती. पण तिच्यापर्यंत नजर पोचेतो घरातल्यांनी सोफा कुठे ठेवायचा ते ठरवून टाकलेलं असतं.

एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, तेवढ्याच चौरस फुटांचे दोन फ्लॅट असतात. एकाच्या खिडकीतून मासुंदा तलाव दिसतो, दुसऱ्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप. पहिल्याला काही लाख जादा पडतात. हे जादा पैसे नेमके कशाचे, हे खरेदीदाराला विचारलं तर तो बुचकळ्यात पडतो. पाण्याचे म्हणावेत तर ते पाणी पिता येत नाही, आणि नळाला येणारं पाणी दोन्ही फ्लॅटांना एकाच टाकीतून, एकाच वेळी आणि सारखंच कमी येतं. शांततेचे म्हणावेत तर तळ्याकाठी शांतता असते ही अफवा मुळात कुणी उठवली याचाच तपास व्हायला हवा. तिकडे पुढे येतोच. खरं उत्तर एजंटच्या तोंडून आपोआप बाहेर पडत असतं. तो खिडकी सरकवतो, हात पसरतो आणि म्हणतो, “समोर काही येणार नाही, साहेब.” पाणी किती सुंदर, पक्षी किती येतात, यातलं काही तो बोलत नाही. त्याने शेकडो घरं विकलेली असतात आणि गिऱ्हाईक कशाला भुलतं हे त्याला ठाऊक असतं. तळ्याकाठचा फ्लॅट घेणारा माणूस पैसे मोजतो ते समोर उभा राहू शकला असता आणि राहिला नाही अशा एका टॉवरचे. तळं हे त्या न झालेल्या टॉवरचं टोपणनाव आहे, एवढंच माझं म्हणणं.

हे चमत्कारिक वाटत असेल तर शहराच्या जुन्या पत्त्यांची साक्ष काढावी. मुंबईत धोबीतलाव आहे. तिथे तलाव नाही. सी. पी. टँक आहे, गवालिया टँक आहे, दोन टाकी आहे, खारा तलाव आहे. बसच्या कंडक्टरने ही नावं एका दमात पुकारली तर उतारूंनी होडीत बसल्यासारखं कठडा धरून बसावं. पण पाणी कुठेच नाही. गवालिया टँकवर गवळी गुरं धूत असत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच इंग्रजांना ‘चले जाव’ सांगण्यात आलं, पण टँकने तो सल्ला आधीच मनावर घेतलेला होता. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, गावातल्या तळ्यांची गरज संपली, पुढे हिवतापाच्या डासांचं निमित्त मिळालं आणि एकेक तळं बुजत गेलं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं आणि त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपतीचं देऊळ झालं. आज तिथे सारसबाग आहे, पायाखाली हिरवळ आहे, आणि गणपती मात्र अजूनही ‘तळ्यातला’च आहे. पत्ता बदलण्याचा अर्ज त्याने काही केलेला नाही. कोल्हापुरात वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि कपिलतीर्थाचं मार्केट. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की लोक महापालिकेला शिव्या घालतात; पाण्याच्या बाजूने बघितलं तर ते बिचारं आपल्या जुन्या पत्त्यावर आलेलं असतं.

ठाण्यातही एके काळी साठाच्या वर तळी होती असं सांगतात, आणि आज पस्तिसाच्या आसपास उरली आहेत. बाकीची कुठे गेली हे ज्यांना विचारायचं ते त्यांच्यावरच राहत असण्याची शक्यता आहे. आता या नावांकडे जरा निराळ्या नजरेने बघावं. धोबीतलाव, गवालिया टँक: तळ्याकाठी पूर्वी कुणाचा वावर होता ते नावातच आहे. पैसेवाल्याची विहीर त्याच्या वाड्यात असायची. चिखल, डास, गुरं आणि दगडावर आपटले जाणारे कपडे सोडून त्याने तळ्याकाठी राहायला जावं असं तिथे काही नव्हतं. तळ्याचं पाणी तेव्हा आजच्यापेक्षा नक्कीच स्वच्छ होतं, आणि तरी त्याच्या देखाव्याला कवडीचा भाव नव्हता, कारण देखावा सगळीकडेच पडलेला होता. घरातून बाहेर आलं की शेत, शेताच्या पलीकडे डोंगर. पाणी दिवसेंदिवस बिघडत गेलं आणि काठच्या जागेचा भाव दिवसेंदिवस चढत गेला. पाण्यालाच किंमत असती तर हे दोन आकडे एकमेकांना पाठ दाखवून चालले नसते. वाढलं ते भोवतालचं बांधकाम. जी तळी बुजली त्यांनी उरलेल्यांचा भाव वाढवून दिला, असा हा कौटुंबिक त्याग आहे.

यावर कुणीही विचार करणारा माणूस लगेच हटकेल, की नुसतं रिकामपणच विकत घ्यायचं असेल तर स्मशानासमोरचं घर सगळ्यांत महाग असायला हवं. शंका बिनतोड आहे. स्मशानावर टॉवर येण्याची भीती तळ्यापेक्षाही कमी, शेजारी अबोल, पार्किंगवरून भांडण नाही. आणि तरी तिथे भाव पडतो. हे मी मान्य करतो, आणि माझ्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो: रिकामपण हवं, पण पाहुण्यांना सांगता येईल असं हवं. “आमच्या हॉलमधून तलाव दिसतो” हे वाक्य लग्नाच्या पंगतीत म्हणता येतं. “आमच्या हॉलमधून वैकुंठ दिसतं” हे म्हटलं की शेजारच्या पानावरचा माणूस हात आखडता घेतो. बाकी सांगण्याजोगं नाव मिळालं तर काहीही चालतं याचा पुरावा घोडबंदर रस्त्यावर पावलोपावली आहे. डोंगराकडे तोंड असेल तर ‘हिल व्ह्यू’, मग त्या डोंगरातून बिबट्या खाली येवो. खाडीकडे तोंड असेल तर ‘क्रीक व्ह्यू’, मग ओहोटीला नाकाला रुमाल लावावा लागो. आणि यातलं काहीच नसेल, समोर नुसतं रेल्वेचं यार्ड किंवा वादात अडकलेला भूखंड असेल, तर त्याला ‘ओपन व्ह्यू’ म्हणतात. या शेवटच्या शब्दात धंद्याने आपलं गुपित फोडून टाकलेलं आहे. व्ह्यू कशाचा? उघड्याचा.

आता हा उघडा माल कागदावर कुठे येतो ते बघू. करारनाम्यात तळं शोधायला गेलं तर ते फार तर चतुःसीमेत सापडतं: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक भूखंड, पश्चिमेस तलाव. चतुःसीमा म्हणजे आपली मालकी जिथे जिथे संपते त्या जागांची यादी. कायद्याच्या हिशोबाने तळ्याशी आपलं नातं एवढंच, की आपलं संपलं की ते सुरू होतं. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा वीस वर्षं उपभोगलेल्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगू देतो. देखाव्याचं मात्र तो नाव काढत नाही. महारेरा २०१७ पासून आलं, जाहिरातीत खोटं सांगून घर विकलं तर भरपाई मागायची सोय झाली, आणि त्याबरोबर ती मुंगीएवढी अक्षरंही जपून लिहिली जाऊ लागली. सरकारी तिजोरीला मात्र तळं स्वच्छ दिसतं. मुद्रांक शुल्क ठाण्यात किमतीच्या ७ टक्के, घर बाईच्या नावावर घेतलं तर ६ टक्के. समजा तळ्यापायी वीस लाख जादा मोजले, तर त्या वीस लाखांवर एक लाख चाळीस हजार रुपये शुल्क झालं. ज्यावर आपला हक्क नाही, ज्याचा उल्लेख कागदात फक्त शेजारी म्हणून आहे, त्याचा कर भरून आपण मोकळे होतो. शिवाय कर्जावर वीस वर्षं व्याज. बँक कर्जदाराचं वय विचारते, पगार विचारते, आजार विचारते. तळं वीस वर्षं राहील का, हे विचारल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप हळव्या मंडळींचा असतो. माणसाला पाण्याची मुळातच ओढ असते, तळ्यावरून गार वारा येतो, दमून आल्यावर पाण्याकडे नुसतं बघत बसलं तरी मन निवतं; याची किंमत काही आहे की नाही? आहे, आणि शास्त्रही बाजूने आहे: पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, म्हणून तळ्याकाठची हवा भर उन्हाळ्यातही थोडी सौम्य असते. पण वाऱ्याला घरात यायला खिडकी उघडी लागते, आणि तळ्याकाठच्या इमारतीकडे संध्याकाळी बाहेरून बघावं. दिवेलागण झाली की खालपासून वरपर्यंत धडाधड खिडक्या लागतात, कारण त्याच तळ्यावरून डास येतात आणि त्यांना अमुक मजल्यापुढे चढता येत नाही हाही एजंटनेच पसरवलेला समज आहे. लिफ्ट त्यांनाही आहे. मग जाळी बसते, जाळीवर काच सरकते, काचेवर पडदा ओढला जातो आणि एसी लागतो. तळ्याच्या वाऱ्याचा लाभ त्या एसीच्या बाहेर टांगलेल्या डब्याला होतो.

आणि बघत बसण्याचं म्हणाल, तर बैठकीची मांडणीच बोलकी असते. टीव्ही भिंतीवर लागतो, भिंत खिडकीच्या समोरची असते, सोफा टीव्हीकडे तोंड करून बसतो. म्हणजे वीस लाखांच्या देखाव्याकडे घरातल्या सगळ्यांची पाठ. बाल्कनीत उभं राहून पाणी न्याहाळावं म्हटलं तर ताबा मिळाल्यावर पहिल्याच वर्षी ती हॉलमध्ये ओढून घेतलेली असते, आणि जिथे ओढलेली नसते तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड असतो. दिवसातून सर्वांत जास्त वेळ तळं न्याहाळणारी घरातली व्यक्ती म्हणजे दांडीवरचा टॉवेल. नकाशा तयार करणाऱ्याने तर आणखी गंमत केलेली असते. तळं हॉलला दिलेलं असतं, कारण पाहुणे हॉलमध्ये बसतात. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, जिथून वरच्या मजल्याची फोडणी आणि खालच्या मजल्याचं भांडण येतं. ज्या बाईंच्या नावावर घर घेऊन मुद्रांक शुल्काचा एक टक्का वाचवला, त्यांना दिवसाकाठी तीन-चार तास दिसतो तो डक्ट. मनाच्या ओढीचा प्रश्न असता तर खिडक्यांची अदलाबदल कधीच झाली असती.

वास्तुशास्त्राचं प्रकरण लवकर आटपू. पाणी ईशान्येला असावं, नैर्ऋत्येला असू नये, असं ते सांगतं. तळ्याला चारी बाजूंनी काठ असतो आणि चारी काठांवर इमारती असतात, तेव्हा निम्म्या शहराला जे शुभ ते उरलेल्या निम्म्याला अशुभ असणं भूमितीनेच ठरवून दिलं आहे. तरी अशुभ बाजूचे फ्लॅटही विकले जातातच. दारात पितळी कासव ठेवलं की तळं जागचं हलतं, असं दिसतं.

शांततेचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण ‘शांत, तळ्याकाठची वस्ती’ हे शब्द जाहिरातीत जुळ्यांसारखे येतात. ठाण्यातल्या तलावपाळीवर संध्याकाळी उभं राहावं. पाळ म्हणजे तळ्याचा बांध. पाणी अडवायला घातलेला तो बांध आता माणसं अडवतो. होड्या, भेळ, भाजलेली कणसं, फुगेवाले, फुगा हवा म्हणून रडणारी मुलं, फुगा फुटला म्हणून रडणारी मुलं. काठावर कोपिनेश्वराचं देऊळ, जवळच १९७८ पासून गडकरी रंगायतन, म्हणजे देवाची आणि नाटकाची गर्दी आहेच. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे ढोल, दिवाळी पहाटेला नवे कपडे घालून लोटलेली तरणी पोरं, गणपतीचे दहा दिवस, उपवन तलावाकडे छठपूजा. आणि हे सण वगळून उरलेल्या दिवशी सकाळी सहाला हास्यक्लब. पन्नास माणसं पाण्याकडे तोंड करून हात वर करतात आणि विनाकारण हसतात. सातव्या मजल्यावर नुकताच हप्ता भरून झोपलेल्या माणसाला ते हसू विनाकारण वाटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्राची तरतूद आहे. त्या यादीत तळं नाही. शांतता मिळेल म्हणून न्यायालयासमोर फ्लॅट घेतल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

या गोंगाटाचं कारण आणि फ्लॅटच्या भावाचं कारण एकच आहे, आणि ते तळ्याकाठच्या सोसायट्यांना मुळीच पटत नाही. शहरात दुसरीकडे कुठे रिकामी जागा उरलेली नाही, म्हणून फ्लॅटवाल्याने तिच्यासमोर घर घेतलं. आणि नेमक्या त्याच कारणासाठी वागळे इस्टेटच्या दहा बाय बाराच्या खोलीतलं कुटुंब रविवारी तिथे येऊन बसतं. दोघांनाही समोर भिंत नको असते. फरक इतकाच, की एकाने वीस वर्षांचं कर्ज काढलं आणि दुसऱ्याने शेंगदाण्याची पुडी घेतली. सोसायटीच्या वार्षिक सभेत मग ‘बाहेरचे लोक’ हा विषय निघतो. काठावरचे बाक काढावेत, फेरीवाले उठवावेत, रात्री फाटक लावावं, असे ठराव होतात. रिकामपण विकत घेतलेल्याला ते रिकामंच हवं असतं, हे स्वाभाविक आहे. पण त्याने विकत घेतलेलं नाही ना, तो तर चतुःसीमेतला शेजारी. शेजाऱ्याकडे कोण येतं-जातं यावर हरकत घेण्याइतकी आत्मीयता एरवी शहरात दिसत नाही.

तळ्याची निगा कशी राहते तेही तळ्याकडे बघून कुणाला काय दिसतं यावर ठरतं. पवईचा तलाव १८९१ मध्ये मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधला. ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, तरी भोवतालचे टॉवर त्याच्याकडे तोंड करूनच उभे आहेत. त्यात मगरीही आहेत, म्हणजे मेंटेनन्स न भरणारे ते सर्वांत जुने रहिवासी. तिथे महापालिकेने काठाने सायकल ट्रॅक करायला घेतला आणि २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून उखडायला लावला. सुशोभीकरण नावाचा जो सरकारी आजार आहे त्यात तळ्याभोवती कठडा येतो, मध्ये कारंजं, वर रंगीत दिवे, कोपऱ्यात फोटो काढायची जागा. आणि नाल्याचं तोंड जिथे उघडतं तिथे काहीच येत नाही, कारण तिथून फोटो चांगला निघत नाही. सांडपाण्याने शेवाळ माजतं, ते रात्रभर पाण्यातला प्राणवायू खातं आणि सकाळी मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. मग त्यावर जलपर्णी पसरते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पाहुणी मनाजोगतं वातावरण मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. पण सातव्या मजल्यावरून ती हिरवळीसारखी दिसते, म्हणजे लेक व्ह्यूचा गार्डन व्ह्यू झाला आणि बिल्डरने जादा पैसेही मागितले नाहीत! गणपतीत तळ्याचं पाणी बिघडू नये म्हणून ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करतात. खऱ्या तळ्याला वाचवायला खोटं तळं खणावं लागतं. ही युक्ती चांगली आहे, आणि ती विसर्जनापुरतीच का वापरतात ते कळत नाही. माहितीपत्रकासाठीही एक ठेवावं.

पाणी मात्र स्वतःला देखावा समजत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात नागपुरात एका रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या अंबाझरी लेआउटमध्ये लोकांच्या दिवाणखान्यांत पाणी शिरलं. त्या रात्री तळ्याने चतुःसीमा मानली नाही. यात हसण्यासारखं काही नाही. एवढंच, की पाण्याच्या सांडव्याचा मार्ग कुठून जातो हे घर घेताना विचारणारा माणूस विरळा, आणि मास्टर बेडरूममधून तळं दिसतं का हे विचारणारे सगळे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो असा, की तळ्याकाठचे हे स्वार्थी लोकच तळ्याला वाचवतात. तळ्यात राडारोडा पडला की पहिला फोटो त्यांच्या खिडकीतून निघतो, अर्ज ते करतात, न्यायालयात ते जातात. वागळे इस्टेटचं कुटुंब शेंगदाणे संपवून घरी जातं. हप्ता भरणारा जागचा हलू शकत नाही, म्हणून लढतो. हे खरं आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ अशी आपली म्हण आहे. आता चाखायची कुणाची छाती नाही, पण राखणारे निघाले हे थोडं नाही. तरी ते काय राखतात ते बघावं. समोर इमारत येऊ घातली की अख्खी सोसायटी काळ्या फिती लावून उतरते. जलपर्णी आली की सेक्रेटरी एक पत्र लिहितो. नाला तळ्यात सोडला, आणि तो आपल्याच सोसायटीचा असला, तर विषय पुढच्या सभेवर जातो. म्हणजे राखण होते ती समोरच्या मोकळ्या आकाशाची, आणि पाणी त्या आकाशाच्या पुण्याईवर जगतं. आपल्या २०१७ च्या पाणथळ जमिनींच्या नियमांतून पिण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी माणसाने बांधलेली तळी वगळलेली आहेत, आणि आपल्याकडची बहुतेक तळी माणसानेच बांधलेली. तेव्हा तळ्याला सध्या तरी खिडकीतल्या या स्वार्थाहून भक्कम पहारेकरी नाही. त्याला नावं ठेवून त्याची नोकरी घालवण्यात अर्थ नाही. फक्त तो पाण्याचा पहारेकरी आहे असा त्याचा स्वतःचा जो समज झालेला आहे, तो मला मान्य नाही.

तळ्याकाठी घर घेऊ नये असं मी म्हणत नाही. समोर भिंत नसणं ही मोठी चैन आहे, आणि चैनीला पैसे पडतातच. कशाचे पडताहेत ते कळून भरावेत. इतकी वर्षं भाड्याच्या घरात तळ्यात-मळ्यात करणाऱ्याने एकदाची उडी मारायची ठरवलीच असेल, तर घर बघायला सप्टेंबरात जाऊ नये. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जावं, दिवेलागणीला जावं आणि आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडावी. मग हॉलमध्ये यावं. खाली तळ्याचा तळ उघडा पडलेला असेल, भेगाळलेल्या चिखलात पोरं क्रिकेट खेळत असतील, कडेला कुणीतरी राडारोड्याचे दोन ट्रक रिकामे करून गेलं असेल. ते बघून आपला चेहरा पडला की एजंट लगेच पुढे होईल, मोबाइलमध्ये सप्टेंबरातला फोटो काढून दाखवील आणि आपल्या खांद्यावर हात ठेवून म्हणेल, “आत्ता पाणी जरा कमी आहे, साहेब. पण तळं कुठे जातंय?”